‘रन’चे ६४५ अर्थ : ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशातील एक नोंद

शब्दकोशाची खरी कसोटी लागते ती रोज तोंडी असलेल्या लहानशा क्रियापदांच्या नोंदीत. अवघड पारिभाषिक शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो आणि तो कोणताही बरा कोश देतो. ‘रन’सारखे क्रियापद मात्र शतकानुशतके इतक्या दिशांनी पसरलेले असते की त्याची नीट मांडणी करताना संपादकाचा कस लागतो. म्हणूनच ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची ऑनलाइन आवृत्ती घ्यावी का, असे विचारणाऱ्या शिक्षकांना आणि अनुवादकांना मी आधी हीच नोंद वाचायला सुचवतो.

या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली, तेव्हा त्यातील सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. २००० साली कोश ऑनलाइन आला आणि तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदींची फेरतपासणी सुरू झाली. ‘रन’चे काम पीटर गिलिव्हर या संपादकांकडे होते. त्यांनी त्यावर नऊ महिने घालवले आणि २०११ साली समोर आलेल्या सुधारित नोंदीत एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. ‘सेट’चा सर्वांत मोठ्या नोंदीचा मान मधल्या काळात ‘मेक’ आणि ‘पुट’ यांच्याकडे जाऊन अखेर ‘रन’कडे आला.

आकड्यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती व्याख्या. धावणे म्हणजे काय, हे सांगताना ‘वेगाने जाणे’ एवढ्यावर भागत नाही, कारण वेगाने चालताही येते. म्हणून आळीपाळीने पावले टाकत, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर न टेकवता जलद जाणे, अशा आशयाची व्याख्या केली आहे आणि चार पायांच्या प्राण्यांसाठी तिला वेगळी जोडही दिली आहे. इतके साधे, सर्वांना ठाऊक असलेले कृत्य शब्दांत पकडण्यासाठी घेतलेली ही काळजी पाहिली की पुढच्या शेकडो अर्थांवर विश्वास बसतो.

व्युत्पत्तीचा भागही तसाच कसदार आहे. जुन्या इंग्रजीत ‘रिन्नन’ आणि वर्णविपर्ययाने, म्हणजे शब्दातील ध्वनींची अदलाबदल होऊन, झालेले ‘इर्नन’ अशी दोन्ही रूपे होती. त्यांना स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स रूपांचे बळ मिळाले. शिवाय ‘धावणे’ आणि ‘धावायला लावणे’ यांसाठी पूर्वी वेगळी असलेली क्रियापदे पुढे एकात मिसळली. इंग्रज माणूस स्वतः ‘रन’ करतो आणि दुकानही ‘रन’ करतो, हे आपल्याला विचित्र वाटते. त्यामागची जुनी सोय इथे उलगडते. जर्मन भाषेतील ‘रिनेन’ म्हणजे वाहणे हा याच कुळातला शब्द आहे, त्यामुळे नदी, नळ आणि सर्दी झालेले नाक यांना लागणारे ‘रन’ हे मागाहून सुचलेले अलंकरण मानण्याचे कारण उरत नाही. मराठी वाचकाने इथे थोडे थांबून आपले ‘चालणे’ आठवावे : दुकान चालते, घड्याळ चालते, नाटक चालते, खटला चालतो. जिथे इंग्रजी धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते, हे ध्यानात ठेवले तर अनुवादातील कितीतरी अडखळणे टळते.

प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे आहेत आणि सदस्यत्वाचे पैसे वसूल होतात ते इथेच. निवडणुकीला उभे राहणे यासाठी ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ तर अमेरिकेत ‘रन’ वापरतात. अशा वापराचा माग काढायचा तर दाखला आणि त्याचे साल दोन्ही हाताशी हवीत. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने जुन्या वाङ्मयातील दाखले देऊन मोठे काम करून ठेवले आहे. ‘चालणे’ या क्रियापदाचा असा सालवार इतिहास मराठीत सिद्ध व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

मात्र हा कोश इंग्रजी शिकणाऱ्यासाठी नाही. अर्थांचा क्रम ऐतिहासिक असल्यामुळे आज सर्रास चालणारा अर्थ बराच खाली सापडू शकतो आणि लुप्त झालेला अर्थ आधी भेटतो. ‘रन इन्टू’ आणि ‘रन आउट’ यांतला फरक एवढेच हवे असेल, तर विद्यार्थ्यांसाठीचा एखादा छोटा कोश अधिक उपयोगी पडेल. नुसती व्युत्पत्ती हवी असल्यास डग्लस हार्पर यांचे ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. तिथली माहिती आटोपशीर आणि वाचनीय असते, पण अवतरणांचा असा साठा तिथे नाही. ऑक्सफर्डची पूर्ण नोंद वाचायला सदस्यत्व लागते आणि ते एकट्यादुकट्या वाचकाला महाग वाटेल. म्हणून वर्गणी भरण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी, आणि तिथे सोय असेल तर ‘रन’ची नोंद व्युत्पत्तीपासून सुरू करून सावकाश, दोन-तीन बैठकांत वाचावी.