जास्त बूस्टच्या इंजिनाला हेड पॅकिंग कोणतं घ्यावं: एमएलएस, तांबं की कंपोझिट?

टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब, दीड बारच्या वर नेला की बऱ्याचदा पिस्टन-रॉडच्या आधी हेड पॅकिंग, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, दगा देतं. बाजारात पर्याय तीन. कंपोझिट, म्हणजे पोलादी पत्र्यावर ग्राफाइट आणि सिलिंडरभोवती धातूची कडी. एमएलएस, म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या पातळ पत्र्यांचे तीन ते पाच थर. आणि सबंध तांब्याचा पत्रा, ज्याच्या जोडीला ब्लॉकमध्ये खोबण मारून तार बसवावी लागते. आठवडाभर बेळगावात फिरणाऱ्या आणि सुट्टीला चोर्ला किंवा आंबोली घाट उतरणाऱ्या गाडीला एमएलएस आणि चांगले स्टड (हेड बोल्टऐवजी ब्लॉकमध्ये बसवून वरून नट आवळायचे दांडे) हीच जोडी घ्यावी, असं आम्ही ठामपणे सांगतो. मात्र अट आहे, आणि बहुतेकांचं तिथेच बिघडतं.

आधी जोर किती पडतो ते पाहू. ८० मिमी बोअरचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब १०० बार झाला, तर एकट्या सिलिंडरमधून हेडला वर उचलणारा जोर होतो सुमारे ५ टन. बोल्ट एवढ्याने तुटत नाहीत. ते किंचित ताणले जातात, हेड काही मायक्रॉन वर येतं आणि पॅकिंगवरचा दाब कमी होतो. एमएलएसच्या पत्र्यांना सिलिंडरभोवती उठावाची कडा असते. ती स्प्रिंगसारखी हेडच्या मागोमाग वर येते. ग्राफाइट एकदा दबलं की तसंच राहतं. दोघांतला मुख्य फरक हाच.

नॉकिंग, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी आपोआप स्फोटासारखं पेटणं, सुरू असेल तर मात्र तिन्ही पर्याय हरतात. नॉकमध्ये दाब एकदम, हातोडा मारल्यासारखा चढतो आणि कडी आतून फुटते. गोव्यातल्या साखळी गावाकडून चोर्ला चढताना वेग कमी, लोड जास्त आणि रेडिएटरला वारा बेताचा असतो. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापतो, आत जाणारी हवा तापते आणि सपाट हायवेवर ठीक चाललेली ट्यूनिंग इथे नॉक करू लागते. म्हणून ठिणगीचं टायमिंग घाटातल्या उष्णतेला धरून ठेवा. ९५ किंवा १०० ऑक्टेनवर ट्यून केलेल्या गाडीत वाटेत साधं पेट्रोल भरायची वेळ येणार असेल, तर कमी बूस्टचा वेगळा मॅपही (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग) करून ठेवा.

कंपोझिटबद्दल थोडक्यात. हे थोडा खडबडीत पृष्ठभाग चालवून घेतं, स्वस्त असतं आणि जुन्या बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) ब्लॉकवर, अर्ध्या बारपर्यंतच्या बूस्टला पुरतं. ब्लॉक खाली उतरवून फेसिंग (मशीनवर पृष्ठभाग सपाट-गुळगुळीत) करायची तयारी नसेल, तर महागडं एमएलएस खडबडीत ब्लॉकवर बसवण्यापेक्षा कंपोझिट लावून बूस्ट कमी ठेवणं शहाणपणाचं.

एमएलएसची अट आहे ती पृष्ठभागाची. खडबडीतपणा Ra ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत हवा. सपाटपणात पूर्ण लांबीवर ०.०५ मिमीपेक्षा जास्त आणि कुठल्याही ७५ मिमीत ०.०२५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. पत्र्यांवरचा व्हायटनचा लेप अगदी पातळ असतो. खोल ओरखडे त्याने भरत नाहीत, आणि पाणी आधी तिथूनच झिरपतं. आपल्याकडे नेहमी होतं ते असं: हेड बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फेसिंगला जातं आणि ब्लॉक गाडीतच एमरी पेपरने घासला जातो. मग नव्या पॅकिंगचा एक चेहरा आरशासारख्या हेडवर आणि दुसरा खडबडीत, मध्येच खोलगट ब्लॉकवर. ब्लॉक उतरवा. फेसिंग करणाऱ्याला "गुळगुळीत करा" असं मोघम न सांगता Ra चा आकडा सांगा आणि काम झाल्यावर मीटरने मोजून घ्या. नखाने कळत नाही. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकतीनेही ब्लॉक साफ करू नका. तिची भुकटी तेलात जाते आणि बेअरिंग खाऊन टाकते.

बीडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनिअमचं हेड असेल तर एमएलएसचा आणखी एक फायदा आहे. अॅल्युमिनिअम बीडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४५० मिमी लांबीच्या हेडला ८० अंशांचा फरक पडला, तर दोघांत सुमारे ०.४ मिमीची सरक होते. लेप असलेले पत्रे ही सरक सहन करतात, चिकटलेलं ग्राफाइट हळूहळू फाटतं. म्हणूनच एमएलएसला शेलॅक (चिकट सीलंट), ग्रीस काही लावायचं नाही. उत्पादकाने सांगितलेल्या जागा सोडल्या तर ते कोरडंच बसतं. काढलेलं एमएलएस पुन्हा वापरायचं नाही.

तांबं ताकदीला कमी नाही. सिलिंडरभोवती साधारण १ मिमी जाडीची स्टेनलेस तार खोबणीत बसवतात. ती तांब्याच्या जाडीच्या साधारण पाव भाग वर राहते आणि तांब्यात रुतते. ज्वलनाचा वायू याने उत्तम अडतो. अडचण पाण्याची आणि तेलाची. त्या भोकांभोवती तांबं स्वतःहून सील होत नाही, सीलंट लावावं लागतं. गरम-थंड होण्याच्या फेऱ्यांनी ते सुटतं आणि पाणी झिरपू लागतं. शिवाय टॉर्क पुन्हा पाहावा लागतो. ड्रॅगच्या (सरळ रेषेत छोट्या अंतराच्या शर्यतीच्या) गाडीचं हेड दर काही दिवसांनी उघडतं. तिथे पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून, मऊ करून पुन्हा वापरता येतो, म्हणून तिथे तांबं शोभतं. रोज ऑफिसला जायच्या गाडीला ते त्रासाचं आहे. आणि आधी तांब्यासाठी खोबण मारलेल्या ब्लॉकवर नंतर एमएलएस चालत नाही. खोबण मारण्याआधी हा निर्णय पक्का करा.

पॅकिंग कोणतंही घ्या, ते दाबून धरतात स्टड. कारखान्याचे बोल्ट बहुतेक ताणाचे, एकदा वापरायचे: आधी टॉर्क, मग अंशात फिरवायचे. बूस्ट वाढवताना त्यांच्या जागी स्टड घ्या. स्टड ब्लॉकमध्ये हाताने, बोटाच्या जोरावर बसवायचे. पान्याने आवळायचे नाहीत. नट आवळताना स्टडला पीळ कमी बसतो, आणि अॅल्युमिनिअमच्या ब्लॉकमधले आटेही वाचतात. बसवण्याआधी आटे चेसरने (फक्त आटे साफ करणारं हत्यार) साफ करा, नवे कापणाऱ्या टॅपने नव्हे. बंद भोकात तेल किंवा पाणी उरलं तर आवळताना ब्लॉक तडकतो. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल, तर आट्यांना सीलंट हवं.

स्टडबरोबर आलेलं मॉली (मॉलिब्डेनमचं) वंगण आणि त्याच्याच कागदावरचा टॉर्क वापरा. एम१० आट्याला ८० न्यूटन-मीटर कोरड्यावर दिले तर सुमारे ४० किलोन्यूटन ताण मिळतो. तेवढेच मॉलीवर दिले तर ६० च्या आसपास. १०.९ दर्जाच्या एम१० बोल्टची मर्यादा सुमारे ४८ आहे. मॉली लावून कंपनीच्या बोल्टचा टॉर्क देणं म्हणजे बोल्ट मारणंच. नट तीन समान टप्प्यांत, मधून बाहेर या क्रमाने आवळा.

जाडी निवडताना अनेक जण जाड पॅकिंगने कॉम्प्रेशन उतरवू पाहतात. ४५० सीसीच्या, १० कॉम्प्रेशनच्या, ८० मिमी बोअरच्या सिलिंडरला ०.३ मिमी जास्त जाडी दिली, तर कॉम्प्रेशन ९.७ वर येतं. फायदा एवढासा. उलट पिस्टन आणि हेड यांच्यातली १ मिमीच्या आसपासची अरुंद फट वाढते, मिश्रणाची घुसळण कमी होते आणि नॉक वाढू शकतो. कॉम्प्रेशन पिस्टन बदलून उतरवा. पॅकिंगचं भोक बोअरपेक्षा सुमारे १ मिमी मोठं ठेवा, नाहीतर आत डोकावणारी कडा लालबुंद होऊन मिश्रण वेळेआधी पेटवते.

ओपन डेक ब्लॉक असेल, म्हणजे लाइनरच्या (सिलिंडरच्या नळीच्या) वरच्या टोकाला आधार नसेल, तर वरच्या सगळ्या हिशोबाला मर्यादा आहे. लाइनर हलतो आणि कुठलंही पॅकिंग त्याला थांबवत नाही. होंडा सिटीच्या १.५ लिटर इंजिनावर टर्बो चढवणाऱ्यांनी आधी डेकला आधार देण्याचा खर्च धरावा. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या ईए८८८ इंजिनासारख्या बीडाच्या ब्लॉकला ही काळजी कमी.

पॅकिंग आधीच गेलं असेल तर नवं मागवण्याआधी जुनं नीट बघा. आयडलला सगळं ठीक, पण पूर्ण बूस्टवर पाणी टाकीत उसळत असेल, तर हेड उचलतं आहे. तिथे स्टड मोठे करा, पॅकिंगचा ब्रँड बदलून काही होणार नाही. काजळीचा पट्टा सिलिंडरकडून पाण्याच्या भोकाकडे गेलेला आणि कडीवर बारीक खड्डे दिसत असतील, तर तो नॉक आहे. दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर काजळी असेल, तर तिथे ब्लॉक खोलगट आहे. आणि सिलिंडर कोरडे, पण बाहेरच्या कडेने पाणी झिरपत असेल, तर फेसिंगच परत करायला हवं.