आरशात पट्टी उलटी दिसते: सह्याद्रीच्या बातम्या, माझ्या दुकानातून

साताऱ्यात मोती चौकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर माझं केशकर्तनालय आहे. तीन खुर्च्या, समोर सलग आरसा आणि मागच्या भिंतीवर उंच टीव्ही. खुर्चीतल्या माणसाला टीव्ही दिसतो तो आरशातून, त्यामुळं खाली पळणारी बातम्यांची पट्टी उलटी. ती कुणालाच वाचता येत नाही. दाढीसाठी मान मागं टाकली की डोळे मिटतात, मग तेवढंही नाही. वस्तरा हातात असताना मीही वर बघत नाही. म्हणजे आमच्याकडं बातमी कळते ती कानानं. बऱ्याच वाहिन्या लावून पाहिल्या आणि शेवटी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर थांबलो, ते एवढ्यासाठीच.

बाकीच्या ठिकाणी निवेदक सारखा म्हणतो, 'ही दृश्यं पाहा', 'आपण पाहू शकता'. गाव कुठलं, किती माणसं, कधी झालं हे सगळं पट्टीवर. सह्याद्रीवर वाक्य जिल्ह्यापासून सुरू होतं, मग तालुका, मग गाव, काय घडलं, कुणी सांगितलं, आणि पूर्णविराम. मागं ढोल वाजत नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला सगळं मिळतं.

याची किंमत मला 2021 च्या जुलैत कळली. 22 तारखेच्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्यानंतर एक काका दाढीला आले. बहीण त्याच भागात दिलेली, फोन लागत नव्हता. दुकानात तेव्हा दुसरी एक वाहिनी चालू होती. 'साताऱ्यात दरड कोसळली' एवढंच पुन्हा पुन्हा, आणि तीच ती चित्रं. अहो, सातारा केवढा! महाबळेश्वर साताऱ्यात, माण साताऱ्यात, पाटणही साताऱ्यात. काकांच्या एका गालावरचा साबण वाळायला लागला होता. मी हात पुसून सह्याद्री लावलं. बातम्या वाचणाऱ्या बाईंनी एकेका गावाचं नाव स्वतंत्र घेतलं, सावकाश. बहिणीचं गाव त्यात नव्हतं. काका काही बोलले नाहीत. मान परत मागं टाकली आणि मी उरलेली दाढी केली.

पावसाळ्यात कोयनेच्या आकड्यांनाही असाच जीव चिकटलेला असतो. धरण 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाण्याचं. सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, पायथा वीजगृहातून किती पाणी सोडलं, नदीपात्रात एकूण किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी चाललंय, यावर पाटणचा माणूस रात्री घरी जायचं की पाहुण्यांकडं थांबायचं ते ठरवतो. हे पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढं सांगलीकर आयर्विन पुलाखालचे फूट मोजत बसतात. 'कोयनेतून मोठा विसर्ग' असं नुसतं ओरडून कुणाचं भागत नाही. आकडा लागतो, आणि तो दोनदा सांगितला तर उत्तम.

हे वाचन आजचं नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. सिनेमात नाव होण्याआधी स्मिता पाटील तिथं बातम्या वाचायच्या. प्रदीप भिडे 1974 पासून पुढं जवळपास चार दशकं वाचत राहिले. आमच्या अण्णांनी दुकानात छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला तेव्हा मी शाळेत होतो. अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा दुकानाच्या दारातून दिसतो. चित्रात मुंग्या आल्या की अण्णा आधी दारात जाऊन तिकडं बघायचे, मग ॲंटेना फिरवायचे. भिड्यांबद्दल म्हणायचे, "हा माणूस स्वल्पविरामसुद्धा ऐकू येईल असं वाचतो." 1994 ला उपग्रहावरून वेगळी मराठी वाहिनी आली, 2000 साली तिला सह्याद्री हे नाव मिळालं, पण वाचायची ती शिस्त टिकली. जून 2022 मध्ये भिडे गेले. त्या संध्याकाळी अण्णा मुद्दाम दुकानात आले आणि बातम्या उभ्यानं ऐकल्या. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

आता जे कमी वाटतं तेही लिहितो. मंत्रिमंडळाचे निर्णय, उद्घाटनं, मंत्र्यांचे दौरे यांत बराच वेळ जातो. माण-खटावात टँकर चालू झाले की ती बातमी पटकन वाचून पुढं जातात. मला त्यावर पाच मिनिटं हवी आहेत. कुठल्या वाडीला किती दिवसांनी पाणी मिळतं, चारा छावणीत किती जनावरं आहेत, हे याच आवाजात ऐकायचंय. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते तेव्हा मात्र मन भरतं. चांदोबाचा लिंब इथल्या रिंगणाचं नाव बातमीत आलं की माझं एक फलटणचं गिऱ्हाईक खुर्चीत ताठ होतं. मला वस्तरा बाजूला घ्यावा लागतो.

कुणाला आपल्या दुकानात लावायचं असेल तर सांगतो. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च. मी आधी केबलवर बघत होतो. एक दिवस न सांगता वाहिनीचा नंबर बदलला, शोधण्यात दोन दिवस गेले, तेव्हा डिश बसवली. रात्री साडेनऊचं बातमीपत्र घरी बघतो, दुकानात संध्याकाळचं. आवाज 14 वर ठेवला तर कात्रीच्या आवाजातही शब्द नीट कळतो. मशीन चालू असेल तर 18. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचं नाव निघालं की मी मशीन बंद करतो.