मेन्स्ट्रुअल कप: उत्तम वस्तू, पण काढायची रीत शिकूनच घ्या
पाळीत रक्त साठवायला योनीत बसवायचा, मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा हा कप साधारण 20 ते 30 मिली रक्त धरतो आणि जास्तीत जास्त 12 तास ठेवता येतो. इथे तो पॅडपेक्षा उजवाच. गळती होते ती बहुधा कप आत पूर्ण न उघडल्यामुळे. बसवल्यावर बुडाभोवती बोट फिरवून पाहावं, घडी लागली तर कप किंचित फिरवावा. काढताना नुसती दांडी ओढू नये! आधी बूड चिमटीत दाबून हवेची पकड सोडवायची. तांबी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ते साधन) बसवलेल्या बाईला नर्सने हे आवर्जून सांगायलाच हवं, कारण त्या ओढीने तांबीही निसटू शकते. पाळी संपल्यावर भरपूर पाण्यात 5 मिनिटं उकळावा. भांड्याच्या तळाला चिकटला तर जळतो.