कामत, वेक्सलर, रेव्हन की नुसती स्कॉलरशिप?

आमच्या चिरंजीवांचा आयक्यू नवव्या वर्षी 144 होता आणि अकराव्या वर्षी 118. मधल्या दोन वर्षांत डोक्यावर आपटला नाही की काही नाही. फक्त टेस्ट बदलली. आता ओळखीत कोणाचं पोरगं जरा चुरूचुरू बोलायला लागलं की शाळेतल्या मॅडम म्हणतात 'आयक्यू करून घ्या', आणि मग फोन मला येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आधी एक सांगा, टेस्ट कशासाठी हवीये? 'किती हुशार आहे ते कळू दे' एवढंच असेल तर पैसे वाचवा. त्या आकड्याचं पुढे काही होत नाही, आजी सोसायटीभर सांगते आणि पोराला उगीच टेन्शन. पण वर्गात कंटाळतो, वरच्या वर्गात घालू का, किंवा बोलतो मोठ्या माणसासारखं पण वही बघवत नाही, असा काही खरा प्रश्न अडलेला असेल तर मग कुठली टेस्ट ते महत्त्वाचं.

पहिल्यांदा आमची झाली ती बीनेट-कामत. व्ही. व्ही. कामतांनी 1930च्या दशकात स्टॅनफर्ड-बीनेट ही अमेरिकन टेस्ट आपल्याकडच्या मुलांसाठी मराठी आणि कानडीत बसवली, ती अजून जागोजागी वापरतात. स्वस्त, तासाभरात होते, मराठीत होते, तीन वर्षांच्या पोरापासून चालते. मतिमंदत्व आहे का हे बघायला कामाची आहे. पण हुशार मुलासाठी? तिच्यात मानसिक वय भागिले खरं वय गुणिले शंभर असा हिशोब असतो, म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा तेरा वर्षांच्या मुलाएवढं सोडवतो तर 144. आता हीच चार वर्षांची आघाडी सहा वर्षांच्या मुलाकडे असेल तर आकडा 167 वर जातो आणि बारा वर्षांच्याकडे असेल तर 133. तीन मुलांना एकाच फूटपट्टीने मोजलं असं म्हणताच येत नाही. शिवाय तुलना जुन्या काळच्या मुलांशी, आणि एकच टेस्ट वर्षानुवर्षं तशीच ठेवली की पुढच्या पिढ्यांचे मार्क आपोआप फुगत जातात, हे जगभर दिसलंय. आमच्या काउन्सेलरने ह्यातलं काहीच सांगितलं नाही, अर्ध्या पानाचा रिपोर्ट, वर 144, खाली 'अतिशय बुद्धिमान', आणि सोबत त्यांच्याच मेमरी कोर्सचं पत्रक. आम्ही पण खूश होऊन पेढे वाटले, काय सांगू.

दुसरी वेक्सलर, सायकॉलॉजिस्ट लोक विस्क म्हणतात. वय सहा ते सोळा, आणि भारतातल्या मुलांवर नॉर्म्स, म्हणजे तुलनेचे आकडे, काढलेली आवृत्तीही आहे, ती आमच्या वेळची चौथी. ह्यात नुसता एक आकडा नाही, चार वेगळे गट येतात: भाषेतली समज, बघून तर्क करणं, वर्किंग मेमरी (ऐकलेलं डोक्यात धरून वापरणं) आणि प्रोसेसिंग स्पीड (सोपं काम भराभर उरकणं). सरासरी 100, आणि 130 च्या वर साधारण शंभरात दोनच मुलं. आमच्याकडे भाषेत 136, तर्कात 123, मेमरी 107 आणि स्पीड 88. एकत्र केलं की 118, म्हणजे 'बरा हुशार', आणि त्या एका आकड्यात मुलगा हरवूनच जातो.

88 का आले ते टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी नंतर सांगितलं. एका भागात आकड्यांखाली ठरलेल्या खुणा भराभर काढायच्या असतात, वेळ दोन मिनिटं. हा प्रत्येक खूण शुद्धलेखनाची वही भरतोय अशी काढत बसला, एक तिरकी झाली तर परत गिरवली. तर्काच्या गटातल्या लाल-पांढऱ्या ठोकळ्यांच्या भागात नमुना पटकन जमला, पण तो झाल्यावर तेच ठोकळे फिरवून स्वतःची नक्षी करायला घेतली. वर्गात फळ्यावरचं उतरवून न घेणारा आणि चाचणीत अर्धा पेपर कोरा सोडणारा हाच तो मुलगा, आणि आम्ही तीन वर्षं 'आळशी' म्हणून ओरडत होतो. अशा मुलांसाठी पहिले दोनच गट धरून वेगळा आकडा काढता येतो, तो त्याचा 130 च्या वर निघाला. कामतमध्ये हे काही दिसलंच नसतं. म्हणून माझं सरळ मत आहे की वर्गातला प्रॉब्लेम आणि हुशारी दोन्ही एकत्र दिसत असतील तर फक्त विस्क, बाकी काही नको. आम्हाला रिपोर्टसकट साडेसहा हजार पडले, आणि दीड तास मूल एका जागी बसलं पाहिजे. एकच अडचण, मराठी मीडियमच्या मुलाला भाषेचा भाग इंग्रजीत दिला तर बुद्धी सोडून इंग्रजीच मोजलं जातं, ते आधीच विचारा.

मलिनची मिसिक म्हणून एक आहे, वेक्सलरच्याच धर्तीवर 1960च्या दशकात नागपुरात तयार झालेली. मराठीत घेणारे आहेत आणि शाब्दिक-कृती असे दोन भाग वेगळे कळतात, म्हणजे कामतपेक्षा बरी. पण तीही जुनीच झाली आता.

रेव्हन म्हणजे ती आकृत्यांची, चौकोनात एक तुकडा गायब, खालच्यातला कुठला बसेल ते सांगायचं. लहान मुलांसाठी रंगीत 36 प्रश्न, मोठ्यांसाठी 60. भाषा लागतच नाही, म्हणून घरी एक भाषा, शाळेत दुसरी अशा मुलांना आणि गावाकडच्या शाळेत एकदम पन्नास जणांना द्यायला सोयीची. चाळणी म्हणून उत्तम. पण बोलण्यात, गोष्टी रचण्यात तल्लख असलेलं पोर ह्या चाळणीतून सरळ खाली पडतं.

आता स्कॉलरशिप. बऱ्याच घरांत 'स्कॉलरशिपला लागला म्हणजे गिफ्टेड' असंच धरतात. 300 मार्कांपैकी 100 बुद्धिमत्ता चाचणीचे असतात, खरंय, पण आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, मालिका हे सगळं गाईडमधून वर्षभर घोटून घेतलेलं असतं, क्लासवाले तर पहाटे साडेसहाला बोलावतात. चिकाटी दिसते, सवय दिसते, थोडी बुद्धीही दिसते. वाईट अजिबात नाही, फी नगण्य आणि मुलाला स्पर्धा कळते. सहावी-नववीची होमी भाभा विज्ञान परीक्षा मला त्याहून जास्त आवडते, कारण पुढच्या फेऱ्यांत प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट असतो, तिथे घोकलेलं फार पुरत नाही.

पुण्यात असाल आणि मूल पाचवीच्या उंबरठ्यावर असेल तर ज्ञान प्रबोधिनी हा वेगळाच पर्याय, कारण तिथे चाचणीच्या पलीकडे खरोखर शाळा आहे. प्रशाला 1969ची, आणि त्यांचं बुद्धिमापन गिलफर्ड ह्या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवर, म्हणजे एकच बरोबर उत्तर शोधण्याबरोबर एकाच गोष्टीची खूप उत्तरं सुचणं हेही बघतात. विटेचे उपयोग सांगा म्हटल्यावर भिंत, ओटा, चूल सगळेच सांगतात, कोणीतरी 'घासून लाल रंग' म्हणतं. ही गंमत विस्कमध्ये मोजलीच जात नाही. पण प्रवेश नाही मिळाला तर 'माझं मूल प्रज्ञावान नाही' असा अर्थ काढू नका, जागाच मोजक्या.

आणि ते बोटांचे ठसे घेऊन 'कुठला मेंदू किती टक्के' सांगणारे डीएमआयटीवाले, हात जोडून सांगते, त्यांच्यापासून लांब राहा. ठशांवरून बुद्धी कळते ह्याला काडीचा शास्त्रीय आधार नाही. डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवणारेही त्याच माळेचे मणी. माझ्या जावेने एका प्रदर्शनात स्टॉलवर चार हजार मोजले, रिपोर्ट गुळगुळीत कागदावर चाळीस पानी, रंगीत. त्यात मुलगी 'लीडर' निघाली. स्टॉलवर रांगेत उभी असलेली सगळीच निघाली असणार.

आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना आयक्यूपेक्षा डीएटीसारखी (डिफरन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट) अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे कल चाचणी, जास्त उपयोगी, कारण तोवर 'हुशार आहे का' हा प्रश्न संपलेला असतो, 'कशात' हा उरतो. तेव्हा आयक्यू काढून नुसती आई-मुलात भांडणं.

कुठेही गेलात तरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, लाजू नका. टेस्टचं नाव आणि आवृत्ती रिपोर्टवर लिहून मागा, सगळ्या गटांचे आकडे वेगवेगळे मागा, आणि आकड्याच्या पुढे-मागे किती फरक असू शकतो तोही, कारण 128 आणि 132 मध्ये खरं तर काही अंतर नसतं. तीच टेस्ट वर्षाच्या आत परत करू नका, ओळखीची झाल्याने मार्क वाढतात. आदल्या रात्री सराव घेऊ नका, 'परीक्षा आहे' म्हणू नका, आणि सर्दी-खोकला असेल तर सरळ तारीख पुढे ढकला, आम्ही दोनदा ढकलली.