रिमोट चावीचा सेल: ब्रँडपेक्षा जाडी, तारीख आणि पट्ट्या बघा

पॅनासोनिक, मॅक्सेल, मुराटा, एनर्जायझर, ड्युरासेल. यातल्या कुठल्याही कंपनीचा अस्सल आणि ताजा सीआर२०३२ हा नाण्यासारखा गोल सेल घेतलात तर तो लागणारी कारची रिमोट चावी नीट चालेल. या पाचांत चावीच्या कामापुरता जाणवेल असा फरक नाही. फरक पडतो तो तीन ठिकाणी: सेल बरोबर नंबरचा आहे का, तो पाकिटात किती वर्षं पडून होता, आणि चावीतल्या धातूच्या पट्ट्या त्याला घट्ट धरतात का. ‘नवीन सेल टाकला तरी चावी चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या तिघांतल्या एका ठिकाणी येऊन थांबते.

नंबरापासून सुरुवात करू. सी म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड हे रसायन, आर म्हणजे गोल आकार, २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ त्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटर जाड, आणि सीआर२०१६ फक्त १.६ मिलिमीटर. तिघांचाही व्होल्टेज ३, म्हणून ‘चालून जाईल’ म्हणत एकाच्या जागी दुसरा सर्रास टाकला जातो. २०३२ च्या घरात २०२५ टाकला की ०.७ मिलिमीटरची फट उरते. चावी टेबलावर ठेवून बटण दाबलं तर चालते, खिशात हलली की बंद पडते. उलट २०२५ च्या घरात २०३२ कोंबला तर पट्टी कायमची वाकते आणि पुढे बरोबर नंबरचा सेलही सैल बसतो.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे दोन २०१६ एकावर एक ठेवणं. जाडी बरोबर ३.२ मिलिमीटर होते, घरात चपखल बसतात, पण व्होल्टेज ६ होतो. तीन व्होल्टसाठी बनवलेला चावीतला सर्किट बोर्ड त्याने जळू शकतो. मुळातच दोन सेल लागणाऱ्या चाव्या वेगळ्या. मर्सिडीजच्या बऱ्याच जुन्या चाव्यांत दोन सीआर२०२५ असतात, आणि तिथे दोन्ही एकदमच, एकाच पाकिटातले टाकायचे. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावली तर जुना आधी संपतो आणि चावी लगेच पुन्हा मरते. बीएमडब्ल्यूच्या काही चाव्यांत सीआर२४५० हा मोठा सेल लागतो. म्हणून चावी उघडून जुन्या सेलवरचा नंबर वाचल्याशिवाय, किंवा गाडीचं पुस्तक बघितल्याशिवाय, सेल विकत घेऊ नका. पुस्तक आणि जुना सेल यांच्यात तफावत असेल तर पुस्तक खरं माना. मागच्या वेळी कुणीतरी चुकीचा टाकलेला असू शकतो.

आता पाकिटावरचे आकडे. सीआर२०३२ ची क्षमता कंपनीनुसार २२० ते २३५ मिलिअँपिअर-तास लिहिलेली असते. हे मोजमाप अगदी कमी, साधारण ०.२ मिलिअँपिअरच्या संथ प्रवाहावर केलेलं असतं. चावी तशी वागत नाही. ती बराच वेळ जवळजवळ काहीच घेत नाही आणि बटण दाबलं की क्षणभर दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या घरात ओढते. तो झटका देताना सेलच्या आतला रोध आड येतो, आणि सेल जुना होतो तसा हा रोध वाढत जातो. म्हणूनच नुसता मल्टिमीटर लावून ३.० व्होल्ट दिसले यावर विसंबू नये. या रसायनाचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. अर्धमेला सेलही मोकळा मोजला तर तीनच्या आसपास दाखवतो.

खरी परीक्षा भार देऊन होते. २२० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवून, तो टेकलेला असतानाच दोन-तीन सेकंद व्होल्टेज बघा. ताजा सेल २.८ च्या वर टिकतो. २.५ च्या खाली घसरला तर तो याच नंबरचा सेल लागणाऱ्या वजनकाट्यात वापरा, चावीत नको. जास्त वेळ टेकवून ठेवू नका, त्यात सेल उगाच खर्च होतो.

थंडीतही हाच रोध वाढतो. पहाटे चावी दोनदा दाबावी लागते आणि दुपारी एका दाबात चालते, तेव्हा सेल शेवटाकडे आला आहे असं समजा. दूरवरून चालणारी चावी दाराजवळ जाऊनच चालू लागणं हीही तीच खूण. बऱ्याच गाड्या डॅशबोर्डवर चावीच्या बॅटरीची सूचना देतात, पण ती येण्याची वाट बघू नये.

खरेदी करताना तारीख पहा. चांगला लिथियम सेल वर्षाला साधारण एक टक्काच चार्ज गमावतो, त्यामुळे कंपन्या दहा वर्षांपर्यंतची मुदत छापतात. पाकिटावर तारीखच नसेल तर तो सेल परत ठेवा. सुटे, एका डब्यात एकमेकांवर घासत पडलेले सेल तर घेऊच नयेत: एकाची कड दुसऱ्याच्या पाठीला टेकली की ते एकमेकांना हळूहळू रिकामे करत राहतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. नक्कल ओळखायची तर छपाई बघा. अस्सल सेलवर नाव आणि नंबर धातूत कोरलेला किंवा दाबलेला असतो आणि नखाने खरडला तरी जात नाही. ताजा सेल ३.१ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. पाकिटातून काढल्या काढल्या २.९ दाखवणारा सेल परत करावा.

ड्युरासेलबद्दल एक वेगळी गोष्ट. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून त्यांनी आपल्या लिथियम कॉइन सेलवर कडू लेप द्यायला सुरुवात केली. हेतू उत्तम आहे आणि घरात लहान मूल असेल तर हाच सेल घ्यावा असं आमचं मत. पण हा लेप वीज वाहू देत नाही, आणि पट्टी नेमकी लेपावर टेकणारी असेल तर उपकरण सेल ओळखतच नाही. ॲपलनेही एअरटॅगसाठी, म्हणजे वस्तू शोधायच्या त्यांच्या छोट्या बिल्ल्यासाठी, हीच सूचना दिली आहे. चावीत असं झालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापडाने पट्टी टेकते तेवढीच जागा पुसून पहा. तरीही जमलं नाही तर बिनलेपाचा सेल घ्या आणि सुटे सेल मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

एलआयआर२०३२ या नावाने मिळणारा रिचार्ज होणारा सेल चावीत टाकू नका. पूर्ण चार्ज केल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो आणि क्षमता असते चाळीसेक मिलिअँपिअर-तास. म्हणजे बोर्डाला धोका जास्त आणि चालणार कमी. बीआर२०३२ हा उष्णतेला चांगला टिकतो, पण झटक्याचा प्रवाह सीआरइतका देत नाही, म्हणून चावीसाठी सीआरच बरा. याच्या उलट प्रकार बीएमडब्ल्यू ई४६ सारख्या जुन्या गाड्यांच्या चावीत दिसतो. तिथे व्हीएल२०२० हा रिचार्ज होणारा सेल बोर्डाला सोल्डर केलेला असतो आणि चावी इग्निशनमध्ये असताना चार्ज होतो. त्याच्या जागी सीआर लावला तर न चार्ज होणाऱ्या सेलला चार्ज मिळत राहील, आणि असा सेल फुगतो किंवा फुटतो.

चावी उघडताना घाई केली की शेलची, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिक कवचाची, कड तुटते. किलेस, म्हणजे खिशात ठेवूनच गाडी चालू करणाऱ्या, चावीत आधी आतलं धातूचं पातं बाहेर काढा. बाजूची छोटी खिट्टी सरकवली की ते निघतं. पातं काढल्यावर दिसणाऱ्या पोकळीतच बहुतेक वेळा शेल फोडायची खाच असते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला टेपचे दोन वेढे द्या, खाचेत घाला आणि उचकण्याऐवजी पिळा. ‘टक’ असा आवाज येऊन एक कोपरा सुटतो. मग नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने फिरत जा. घडीच्या चावीत एखादा बारीक स्क्रू स्टिकरखाली किंवा कंपनीच्या चिन्हाखाली लपलेला असतो. शेल सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी तो शोधा.

उघडल्या उघडल्या मोबाइलवर फोटो काढा. कारण तीन गोष्टी निसटू शकतात: बटणांचं रबर, कडेची पाणी अडवणारी रबरी पट्टी, आणि काही जुन्या चाव्यांत शेलच्या खोबणीत नुसता ठेवलेला ट्रान्सपाँडर, म्हणजे गाडीला चावीची ओळख पटवणारी चिप. हा काळा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा कचरा समजून फेकला जातो. दारं रिमोटने उघडतात, पण इंजिन सुरू होत नाही आणि दोष नव्या सेलवर जातो. इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन सुरू होऊ न देणारी गाडीतली यंत्रणा, या तुकड्यालाच ओळखतो, आणि त्याला सेलची गरज नसते.

सेल काढायला प्लास्टिकची किंवा लाकडी काडी वापरा. धातूचा चिमटा वापरला तर सेलचे दोन्ही ध्रुव जोडले जातात, कारण सेलचा सपाट, नाव लिहिलेला चेहरा आणि त्याची सगळी कड हे दोन्ही प्लसच असतात. उणे बाजू फक्त मधली थोडी खडबडीत तबकडी. बोर्ड सुटा निघत असेल तर आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा, अंगावरची स्थिर वीज जाते. प्लस बाजू वर की खाली हे प्रत्येक चावीत वेगळं, म्हणून फोटोवर विश्वास ठेवा.

नवा सेल कडेने धरा किंवा कोरड्या कापडाने पुसून बसवा; बोटांचा तेलकटपणा पट्टीखाली राहून रोध वाढवतो. बसवण्याआधी पट्ट्या बघा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानाच्या काडीने पुसा. सॅंडपेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि पट्टी पुढे लवकर गंजते. सेल सैल वाटला तर लाकडी काडीने पट्टी अगदी किंचित वर उचला. सेल आत सरकताना थोडा अडायला हवा.

मग शेल दाबण्याआधीच चावी चालवून पहा. पुन्हा पेअरिंग करावं लागत नाही: कोड आणि फिरत्या (दर दाबाला बदलणाऱ्या) कोडचा मोजणीक्रमांक सेल काढल्यावरही चावीच्या मेमरीत राहतो. काही जुन्या गाड्यांत इग्निशन चालू करून लॉकचं बटण दाबावं लागतं, ती पद्धत पुस्तकात असते. गाडीपासून दूर असताना बटण फार वेळा दाबलं गेलं असेल तर गाडी आणि चावी यांचा क्रम हुकतो. बऱ्याच प्रणालींत गाडीजवळ येऊन लागोपाठ दोनदा दाबलं की तो पुन्हा जुळतो.

तरीही चालत नसेल तर दुसरी चावी घ्या. तीही चालत नसेल तर दोष गाडीकडे आहे. गाडीची स्वतःची बॅटरी उतरली असण्याची शक्यता आधी तपासा. दुसरी चालते आणि ही नाही, तर सेल धरणाऱ्या क्लिपचे सोल्डर बघा. चावी पडून पडून तिथे केसाएवढी चीर जाते. बोटाने क्लिप दाबून धरल्यावर चावी चालली तर दोष तिथेच आहे, आणि सोल्डरचा एक थेंब पुरतो. एकच बटण मेलं असेल तर त्याखालचा बारीक स्विच झिजला आहे, सेलचा संबंध नाही.

नवा सेल दोन-तीन महिन्यांतच संपतो? किलेस चावी गाडीच्या जवळ ठेवली असेल तर गाडीचा कमी फ्रिक्वेन्सीचा, बहुधा १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल तिला सारखा जागं करतो. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर यांच्याशेजारी ठेवलेल्या चावीचंही तेच होतं. जागा बदलून पहा. शेल नीट बसलं नसेल आणि त्याखाली एखादं बटण दाबलेलं राहिलं असेल तरी सेल असाच जातो. नेहमीच्या वापरात एक ते तीन वर्षं मिळायला हवीत.

चावी रस्त्यातच मेली तर घाबरू नका. आतल्या पात्याने दार उघडा आणि मेलेली चावीच स्टार्ट बटणाला टेकवून ते दाबा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खोबण असते. ट्रान्सपाँडरला लागणारी ऊर्जा गाडीकडून मिळते.

जुना सेल काढल्यावर लगेच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या पेटीत टाका. चावीसाठी संपलेल्या सेलमध्येही लहान मुलाला इजा करण्याइतका चार्ज असतो. गिळलेला २० मिलिमीटरचा सेल अन्ननलिकेत अडकतो, उणे बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न काढता थेट रुग्णालय गाठा, आणि सेलचं पाकीट सोबत न्या. नंबर त्यावरच असतो.