ठरलेला आहारतक्ता की अर्ध्या ताटाचा नियम?

वजन उतरवायला नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी तक्ताच सुचवेन. काय, किती, कधी हे लिहिलेलं असलं की ऐन भुकेच्या वेळी ठरवत बसावं लागत नाही, आणि पाय घसरतो तो तिथेच. शिवाय नजरेचा अंदाज फसवतो: १ ग्रॅम प्रथिनं किंवा कर्बोदकांत ४ कॅलरी, तेवढ्याच तेलात ९. चमचाभर जास्त पडलेलं तेल मोजल्याशिवाय कळत नाही.

अर्धं ताट भाज्या, पाव प्रथिनं, पाव धान्य हा नियम ढोबळ. वजन बहुधा हळू उतरतं. पण प्रवासात, पाहुण्यांकडे तोच टिकतो, तक्ता कोलमडतो.

दिवसाला ८०० कॅलरींच्या आसपासचा तक्ता मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच. मधुमेहाची काही औषधं चालू असतील तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.