घरभर वाय-फाय पोहोचवण्यासाठी काय निवडावे: रिपीटर, मेश की तारेने जोडलेला ॲक्सेस पॉइंट?

घराच्या एखाद्या कोपऱ्यात इंटरनेट अडखळते म्हणून नवे उपकरण घेऊ पाहणाऱ्याने आधी दोष नेमका कोठे आहे हे तपासावे. त्यासाठी लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तारेवरही वेग अपुरा मिळाला, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीत असतो आणि तो घरात कोणतेही यंत्र आणून दूर होणार नाही. तारेवर वेग पूर्ण मिळतो, राउटरच्या खोलीत वाय-फायही ठीक चालते, पण दोन भिंती ओलांडल्यावर सारे कोसळते, असे आढळले तर प्रश्न रेंजचा आहे, आणि पुढील तुलना अशाच घरासाठी आहे.

खरेदीआधी राउटरची जागा बदलून पाहावी. लोखंडी कपाटामागे, जमिनीलगत किंवा घराच्या टोकाला ठेवलेला राउटर मध्यभागी व उंचावर आणला की अनेकदा तक्रारच उरत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून तुलनेने दूर जातो, पण तेथे शेजाऱ्यांच्या राउटरची दाटी असते. म्हणून त्या पट्ट्यात (बँडमध्ये) चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल निवडावा. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, मात्र काँक्रीटची भिंत किंवा स्लॅब आड आला की तो लवकर गळतो.

एवढे करूनही भागले नाही, तर सर्वांत सोपा पर्याय रिपीटरचा. तो प्लगमध्ये लावायचा, मूळ वाय-फायचा पासवर्ड द्यायचा आणि काम सुरू. त्याची मर्यादा मात्र रचनेतच आहे: एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर राउटरकडून आलेली माहिती ऐकतो आणि तीच पुन्हा त्याच चॅनलवर पाठवतो, त्यामुळे उपलब्ध वेळ दोन कामांत वाटला जाऊन वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन पट्ट्यांचा रिपीटर एका पट्ट्यावर ऐकून दुसऱ्यावर पाठवू शकत असल्याने ही हानी कमी होते. बहुतेक जण तो जेथे सिग्नल पोहोचत नाही तेथेच लावतात आणि मग यंत्रालाच नावे ठेवतात. वास्तविक त्याची जागा राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, चांगला सिग्नल अजून टिकून असेल अशा ठिकाणी असावी. मेल पाहणे किंवा एखादे स्मार्ट उपकरण चालवणे यासाठी रिपीटर पुरेसा आहे. व्हिडिओ बैठका आणि ऑनलाइन खेळ यांसाठी मी तो सुचवणार नाही.

मेश संच म्हणजे एकाच व्यवस्थेखाली चालणारी दोन-तीन केंद्रे. नाव एक, पासवर्ड एक, मांडणी एका ॲपमधून. ज्याला सेटिंग्जमध्ये हात घालायचा नाही त्याच्यासाठी हा गुण मोठा आहे. पण केंद्रांमधला दुवाही बिनतारी असेल, तर रिपीटरला लागू होणारा नियम येथेही लागू होतो. या दुव्यासाठी वेगळा पट्टा राखून ठेवणारे तीन पट्ट्यांचे संच म्हणूनच दोन पट्ट्यांच्या संचांपेक्षा सरस ठरतात. जाहिराती केंद्रांची संख्या मिरवतात, मात्र पाहायचे ते केंद्रांमधले अंतर: दुसरे केंद्र पहिल्यापासून फार दूर असेल तर फोनवर सिग्नल भरपूर दिसतो आणि पान तरीही उघडत नाही, कारण दुबळा दुवा फोनच्या नव्हे तर केंद्राच्या मागे असतो. शिवाय एका कंपनीच्या संचात दुसऱ्या कंपनीचे केंद्र बहुधा जोडता येत नाही, हे पुढील खरेदीचा विचार करून आधीच लक्षात घ्यावे.

तिसरा पर्याय दिसायला जुनाट, पण माझ्या मते तार नेणे शक्य असेल तेथे दुसऱ्या कशाचा विचार करू नये. राउटरपासून दूरच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले नेटवर्क वाय-फायवर देणारे यंत्र, जोडला, की बिनतारी दुव्याची अडचणच संपते. कॅट ५ई प्रतीची केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग वाहून नेते. घरासाठी ते पुरेसे आहे. वेग १०० मेगाबिटलाच अडकत असेल, तर केबलमधली एखादी जोडी तुटलेली किंवा टोकाला नीट न बसलेली असण्याची शक्यता आधी तपासावी. मेश संच घेणाऱ्यानेही, त्यात सोय असल्यास, केंद्रे तारेनेच जोडावीत.

या कामासाठी जुना राउटरही चालतो, मात्र मांडणी काळजीपूर्वक करावी लागते. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडावा. नसेल तर त्याचा नेटवर्कवरील (आयपी) पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा, म्हणजे मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याचा १९२.१६८.१.२ असा करावा, त्यातील डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे आणि केबल वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) नव्हे तर लॅन (घरातील उपकरणांच्या) पोर्टला जोडावी. डीएचसीपी चालू राहिले तर दोन यंत्रे परस्पर पत्ते वाटू लागतात आणि काही उपकरणांना इंटरनेट मिळते, काहींना नाही. केबल वॅन पोर्टला गेली तर इंटरनेट चालते, पण एका भागातील लॅपटॉपला दुसऱ्या भागातील प्रिंटर सापडत नाही. उपकरणाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर डीएचसीपीकडून त्याला काहीच मिळालेले नाही असे समजावे.

दोन्ही ठिकाणी नाव, पासवर्ड व सुरक्षेचा प्रकार सारखाच ठेवावा, चॅनल मात्र वेगळे द्यावेत. तरीही फोन जुन्याच राउटरला चिकटून राहू शकतो, कारण कोठे जोडायचे हा निर्णय मुळात फोन घेतो. मेश संच ८०२.११ के, व्ही आणि आर या वाय-फाय मानकांच्या आधारे त्याला योग्य केंद्र सुचवू शकतात, आणि या एका बाबतीत ते सुट्या ॲक्सेस पॉइंटपेक्षा सहसा पुढे असतात. सुट्या मांडणीत दोन्ही यंत्रांची प्रसारणशक्ती थोडी कमी केल्याने बरेचसे काम होते. जुन्या राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ सुरक्षाही नसेल किंवा त्याला कंपनीकडून अद्ययावत सॉफ्टवेअर मिळणे थांबले असेल, तर मात्र तो वापरू नये आणि नवा ॲक्सेस पॉइंट घ्यावा.